कुलाब्याची सुई

रविवार, ४ फेब्रुवारी १८७२. कृष्ण पक्ष सरत आला होता, चंद्र उगवायला उत्तररात्र व्हायची होती. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती. विजेचा दिवा अजून यायचा होता. सूर्य मावळला की आकाश खरोखरच काळं व्हायचं. त्या काळ्या आकाशात त्या संध्याकाळी काही मुंबईकरांना एक अनोळखी उजेड दिसला.

मंगळवारच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची चार ओळींची बातमी आली. रविवारी सूर्यास्तानंतर मुंबईत ‘ऑरोरा’ अंधुकसा दिसला. मध्यरात्रीच्या सुमाराला समुद्राखालून जाणाऱ्या तारेवर आणि सरकारी तारमार्गांवर त्याचा परिणाम जाणवला. काही तास संदेश रखडत राहिले. आणि एडनला तर तो प्रकाश लख्ख दिसला, एवढाच तिचा आशय. मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार टाकून दोनच वर्षं झाली होती. लंडनची खबर काही आठवड्यांऐवजी काही तासांत यायला लागली होती, आणि व्यापाऱ्यांना त्याची सवय लागली होती. त्यामुळे आकाशातल्या उजेडापेक्षा रखडलेल्या तारांचीच चर्चा जास्त झाली असेल.

ऑरोरा म्हणजे ध्रुवीय प्रकाश. नॉर्वे, आइसलँड, कॅनडा या मुलखांत हिवाळ्याच्या रात्री आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलताना दिसतात, तोच. मुंबई विषुववृत्तापासून अवघ्या एकोणीस अंशांवर आहे. भूचुंबकीय अक्षांश मोजले तर त्याहूनही कमी, साधारण दहा. इथे ध्रुवीय प्रकाश दिसणं ही शतकातून क्वचित एखाद्या वेळी घडणारी गोष्ट. पण मला सांगायचंय ते त्या उजेडापेक्षाही कुलाब्याच्या टोकाला अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या एका चुंबकाबद्दल, आणि त्याच्याकडे रोज तासातासाला डोळे लावून बसणाऱ्या माणसांबद्दल. आकाशातला तो उजेड नेमका काय आहे हे माणसाला कळलं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी सांगितला जातो.

रात्री आकाश लाल होणं माणसाला कधीच सोसलेलं नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दिग्दाह’ या नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. दिशा पेटल्यासारख्या दिसल्या तर त्याचं फळ काय, हे त्यात सांगितलंय. पिवळा दिग्दाह राजाला भय आणतो, अग्नीच्या रंगाचा देशाचा नाश करतो, अशी ती फळं आहेत. वणव्यांचा उजेड, धुळीचे लोट, मावळतीनंतर रेंगाळणारे रंग, हे सगळं त्या एका शब्दात सामावलेलं असणार. शेकडो वर्षांतून एखाद्या वेळी ध्रुवीय प्रकाशही त्यात येऊन गेला असेल.

रोमन लेखक सेनेकानं निसर्गाविषयीच्या आपल्या ग्रंथात सम्राट टायबेरियसच्या काळातली एक रात्र नोंदवून ठेवली आहे. क्षितिजावरची लाली पाहून ऑस्टिया बंदराला आग लागली असं रोममध्ये सगळ्यांना वाटलं आणि सैनिकांच्या तुकड्या आग विझवायला तिकडे धावल्या. आग नव्हतीच. त्यानंतर उणीपुरी एकोणीसशे वर्षं गेली. २५ जानेवारी १९३८ च्या रात्री युरोपभर आकाश लाल झालं, आणि विंडसरचा राजवाडा पेटला असं समजून इंग्लंडमध्ये आगीचे बंब बोलावले गेले. या दोन्ही वेळच्या माणसांना वेडं समजण्याचं काही कारण नाही. ध्रुवापासून दूर राहणाऱ्याला हा प्रकाश दिसतो तो खरोखर लांबच्या आगीसारखाच दिसतो: क्षितिजालगत, तांबडा, मंद धपापणारा. हिरवे नाचरे पडदे त्याच्या वाट्याला येत नाहीत. असं का, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्याआधी या प्रकाशाबद्दल तर्क खूप झाले. उत्तरेच्या बर्फावरून सूर्याचा उजेड परावर्तित होतो असं कुणी म्हणे, जमिनीतून निघालेली वाफ उंच जाऊन पेटते असं दुसरा कुणी म्हणे. धूमकेतूमुळे ज्यांचं नाव आपल्या तोंडी आहे त्या एडमंड हॅली यांनी १७१६ साली लंडनवर ध्रुवीय प्रकाश दिसला तेव्हा त्याचा संबंध पृथ्वीच्या चुंबकत्वाशी लावला. तर्क उत्तम होता, पण हाती पुरावा नव्हता. तो पुरावा २५ वर्षांनी स्वीडनमधल्या उप्साला गावी सापडला. तापमापकाच्या मोजपट्टीवर ज्यांचं नाव आहे त्या अँडर्स सेल्सियस यांचे मेहुणे ओलोफ हिऑर्टर चुंबकसूचीच्या नोंदी ठेवत होते. १ मार्च १७४१ रोजी आकाशात ध्रुवीय प्रकाश होता आणि खोलीतली सुई अस्वस्थ झाली होती. पुन्हा पुन्हा पाहिलं तरी तेच. एप्रिलमध्ये एके दिवशी उप्सालाची सुई बिथरली, त्याच दिवशी लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांची सुईही बिथरली होती.

आकाशात शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर जे घडतं ते बंद खोलीतल्या, वाऱ्याचा स्पर्शही न लागणाऱ्या सुईला कळतं. ढग असोत, दिवस असो, पाऊस असो, तिला कळतंच. या एका निरीक्षणामुळे आकाशातल्या विचित्र उजेडाचा अभ्यास डोळ्यांच्या तावडीतून सुटला. डोळा फसतो, घाबरतो, आठवणीत रंग भरतो. सुई एवढंच सांगते की इतक्या वाजता मी इतकी सरकले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली उभी केली. जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि ताऱ्यांचे वेध घेता यावेत हा तिचा मूळ उद्देश. चुंबकीय नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. गाउस आणि वेबर यांनी जर्मनीत ग्योटिंगेनहून जगभर एकाच पद्धतीनं चुंबकीय वेध घेण्याची चळवळ उभारली होती, ब्रिटिशांनी ती आपल्या वसाहतींत नेली, आणि कुलाब्याचं टोक त्या जाळ्यात आलं. एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे ऑर्लेबार वेधशाळेचं काम पाहत होते. त्यांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक कोवळा मुलगा कामाला लागला: केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२५ चा. हेच पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे, पुण्याला गणित शिकवणारे आणि लोकमान्य टिळकांना गुरुस्थानी असलेले केरूनाना. आकाशाकडे शिस्तीनं पाहणं आणि पाहिलेलं आकड्यात उतरवणं याची त्यांची पहिली शाळा कुलाब्याला झाली. मराठी विज्ञानाचा इतिहास सांगताना ही गोष्ट ओझरती येते, तिला याहून मोठी जागा मिळायला हवी असं मला वाटतं.

काम मोठं कंटाळवाणं होतं. खोलीत अंधार. पेटीत तलम आधारावर टांगलेला चुंबक, त्यावर आरसा, आणि काही अंतरावर दुर्बीण. आरशात मोजपट्टीचं प्रतिबिंब दिसे. चुंबक किंचित वळला की पट्टीवरचा आकडा सरके. निरीक्षकानं लोखंडाची वस्तू जवळ बाळगायची नाही, कारण खिशातल्या किल्लीनंही सुई फसते. तासाला एक नोंद. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, सणासुदीला. सुई अस्वस्थ दिसली की दर पंधरा मिनिटांनी, फारच अस्वस्थ असली की दर पाच मिनिटांनी. हे आकडे पुढे कोण वापरणार, कशासाठी, हे नोंद करणाऱ्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

१ सप्टेंबर १८५९ हा गुरुवार. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे ३३ वर्षांचे गृहस्थ आपल्या खाजगी वेधशाळेत सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डाग रेखाटत बसले होते. वडील मद्यनिर्मितीच्या धंद्यात. मुलानं मात्र कित्येक वर्षं सूर्याच्या डागांची मोजदाद करण्याचं व्रत घेतलेलं. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. आधी त्यांना वाटलं, पडद्याला भोक पडून उन्हाची तिरीप आत आली. तसं काही नव्हतं. कुणीतरी साक्षीदार हवा म्हणून ते धावत बाहेर गेले, मिनिटभरात परतले, तोवर ठिपके फिके पडू लागले होते. पाच मिनिटांत सगळं संपलं. त्यांचं नशीब म्हणा, लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसन यांनीही त्याच वेळी तेच पाहिलं होतं. क्यू इथल्या चुंबकीय यंत्राच्या आलेखावर त्याच क्षणी लहानसा झटका उमटला होता.

साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं.

त्या रात्री क्युबात, हवाईत, कोलंबियात ध्रुवीय प्रकाश दिसला. रॉकी पर्वतातल्या खाणकामगारांना पहाट झाली असं वाटलं आणि ते मध्यरात्रीनंतर उठून न्याहारीच्या तयारीला लागले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधल्या तारमार्गावर दोन्हीकडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवरच दोनेक तास संदेश चालवले. त्याच्या काही दिवस आधी, २८ ऑगस्टच्या ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी, वॉशिंग्टनमध्ये काम करणाऱ्या एका तारमास्तराच्या कपाळाला ठिणगी लागून झटका बसला होता. मागचं कारण साधं आहे. पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की जमिनीवर पसरलेल्या लांबच लांब तारेत आपोआप प्रवाह निर्माण होतो, सायकलच्या डायनामोत होतो तसाच. १८७२ मध्ये मुंबईच्या तारा रखडल्या त्याही याचमुळे.

मुंबईत तेव्हा दिवस होता. २ सप्टेंबर १८५९ ची सकाळ, अकराच्या आसपासची वेळ. त्या उन्हात आकाशात बघायला काहीच नव्हतं, बाजार नेहमीसारखे चालू असणार. कुलाब्याच्या अंधाऱ्या खोलीत मात्र सुई घसरत होती. वेधशाळेचे प्रमुख तेव्हा भारतीय नौदलाचे लेफ्टनंट फर्ग्युसन होते. पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय बलात थोड्या वेळात साधारण १६०० नॅनोटेस्लांची घट झाली. मुंबईत हे बल जवळजवळ ३८ हजार नॅनोटेस्ला असतं, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास घट. हा आकडा लहान वाटेल. पण एरवी मोठ्या म्हणवल्या जाणाऱ्या वादळातही घट काही शेकड्यांत मोजतात. नोंद घेणाऱ्या माणसानं आपल्याला चुकीचं दिसतंय असं म्हणून आकडा गाळला नाही, सुधारला नाही. दुर्बिणीत दिसलं ते लिहिलं. मला हा क्षण या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. युरोपातल्या कित्येक ठिकाणी यंत्रं मोजपट्टीच्या बाहेर गेली, कागद अपुरे पडले. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातली, इतकी सलग नोंद जगात कुलाब्याचीच राहिली.

कॅरिंग्टन यांनी सूर्यावरच्या झळाळीचा आणि या वादळाचा संबंध असावा असं सुचवलं, पण एका घटनेवरून निष्कर्ष काढायला ते तयार नव्हते. हा संयम शास्त्रज्ञाला शोभणारा होता. एडवर्ड सेबाइन यांनी सौरडागांचं चक्र आणि चुंबकीय अस्वस्थता यांची चढउतार एकाच तालात चालते हे १८५२ मध्येच दाखवलं होतं. तरीही संबंध मान्य व्हायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. सर्वांत मोठा अडथळा लॉर्ड केल्विन यांचा होता. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हिशेब मांडला: आठ तासांच्या, फारशा जोरदार नसलेल्या एका वादळासाठी सूर्याला चार महिन्यांचा उजेड आणि उष्णता देण्याइतकं काम करावं लागेल. हे अशक्य, म्हणून डाग आणि वादळं यांचा मेळ हा निव्वळ योगायोग. गणित बरोबर होतं, गृहीतक चुकीचं. सूर्य ते बल दिव्यासारखं सगळ्या दिशांना फेकत असेल असं केल्विन यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात सूर्य एखाद्या दिशेला विद्युतभारित वायूचा अजस्र लोट भिरकावतो, आणि तो लोट स्वतःबरोबर स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो.

उजेडाचं कोडं सोडवायला दुसरीकडून सुरुवात झाली होती. स्वीडनचे अँगस्ट्रॉम यांनी १८६७ च्या सुमारास ध्रुवीय प्रकाश लोलकातून पाहिला. सूर्याचा परावर्तित प्रकाश असता तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसला असता. दिसली ती एक ठसठशीत हिरवी रेषा. म्हणजे हा बर्फावरून उसना आलेला उजेड नव्हता, स्वतः चमकणारा वायू होता. बर्फाचा जुना तर्क त्या एका रेषेनं निकालात निघाला. पण ही रेषा कुठल्या वायूची? प्रयोगशाळेतल्या कुठल्याच वायूत ती सापडेना. पृथ्वीच्या वातावरणात अगदी वर एखादा अज्ञात, हलका वायू असावा अशीही कल्पना निघाली. १९२५ मध्ये टोरांटोत मॅक्लेनन आणि श्रम यांनी उत्तर दिलं: तो आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन.

मधल्या काळात नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्कलंड यांनी उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत हॅल्डे पर्वताच्या माथ्यावर वेधशाळा बांधली. त्या मोहिमांत त्यांचा एक तरुण सहकारी हिमस्खलनात गेला. प्रयोगशाळेत त्यांनी निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवला, त्याला छोटी पृथ्वी मानलं, आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उजळली. आकाशातली गोष्ट टेबलावर आली. तरी लोकांना पटेना, आणि १९१७ मध्ये टोकियोत त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही त्यांच्या कल्पना वादातच होत्या. सूर्याकडून सतत वाहणाऱ्या सौरवाऱ्याचा सिद्धांत यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडला. लेख परीक्षकांनी नाकारला. तो छापण्याचा निर्णय घेतला संपादक सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी. त्यांना स्वतःला तो सिद्धांत फारसा रुचला नव्हता, पण गणितात चूकही सापडली नव्हती. चारच वर्षांत मरिनर २ या यानानं सौरवारा प्रत्यक्ष मोजला.

लालीचं कोडंही विसाव्या शतकातच उलगडलं. सूर्याचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो, त्याचं क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट दिशेला असलं तर कवच उघडं पडतं, आणि वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून खाली उतरून वरच्या हवेला धडकतात. शंभर किलोमीटरच्या आसपास ऑक्सिजनचा अणू हिरवा उजेड देतो, पाऊण सेकंदाच्या आत. लाल उजेड द्यायला त्याच अणूला पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ दुसऱ्या कणाचा धक्का न लागता राहणं खाली दाट हवेत शक्य नसतं, म्हणून लाल उजेड फक्त दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेत, टिकतो. आता दूर दक्षिणेच्या माणसाचा विचार करा. पृथ्वी गोल असल्यानं प्रकाशाचा खालचा हिरवा भाग त्याच्या क्षितिजाआड जातो आणि वरचा लाल तेवढा डोकावतो. टायबेरियसचे सैनिक धावले ते या दोन मिनिटांमुळे. पाचशे किलोमीटर उंचीवरची लाली अडीच हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाला टेकलेली दिसू शकते. मुंबईहून उत्तरेला एवढं अंतर मोजलं तर ताश्कंद येतं. १८७२ च्या त्या रविवारी ध्रुवीय प्रकाश त्याच्याही दक्षिणेला पसरला होता.

इथे चौकस वाचक एक रास्त शंका काढेल. फेब्रुवारीतली चंद्राविना संध्याकाळ, सूर्यास्तानंतरची वेळ. नेमक्या याच ऋतूत, याच वेळी पश्चिमेला आणखी एक फिका उजेड दिसतो. ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत धूळ पसरलेली आहे, तिच्यावर सूर्यप्रकाश पडला की क्षितिजातून वर निमुळता होत गेलेला धूसर सुळका दिसतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. आजही सह्याद्रीतल्या एखाद्या अंधाऱ्या माथ्यावरून तो पाहता येतो. मुंबईकरांनी त्यालाच ऑरोरा समजलं नसेल कशावरून? नुसत्या चार ओळींच्या बातमीवर विसंबायचं तर ही शंका खोडता येणार नाही. पण राशिचक्रीय प्रकाशानं तारा बंद पडत नाहीत. तो रोज असतो, एका रात्रीसाठी एडनलाही लख्ख होत नाही. आणि कुलाब्याच्या यंत्रांनी त्या रात्री फार मोठं वादळ नोंदवलं होतं. अलीकडच्या अभ्यासकांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून १८५९, १८७२ आणि मे १९२१ ही वादळं एकाच रांगेत बसवली आहेत. डोळ्याच्या साक्षीला सुईची साक्ष जोडली गेली म्हणून मुंबईवरची लाली मला विश्वासार्ह वाटते.

पुढची गोष्ट ट्रामची. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, आणि वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. रुळांतून जमिनीत उतरणारा प्रवाह कुलाब्याच्या सुईला क्षणभरही स्वस्थ बसू देणार नव्हता. सूर्याची हालचाल आणि ट्रामची हालचाल तिला वेगळी सांगता आली नसती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. मुंबईच्या कुलाब्यातून सुई कुलाबा जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यात गेली, केरूनानांच्या नागावच्या शेजारी. पोरबंदरी दगडाचं बांधकाम, कारण त्यात चुंबकीय अंश नाही, खिळे-बिजागऱ्यांना तांबं-पितळ, आतलं तापमान हलू नये म्हणून जाड भिंती. १९०४ मध्ये अलिबागची नोंद सुरू झाली, तरी मूस यांनी कुलाब्याची लगेच थांबवली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा पक्का बसावा. विजेची पहिली ट्राम मुंबईत ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर सुई सुखरूप होती. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे ग्रंथ मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

कुलाब्याची १८५९ ची नोंद मात्र बराच काळ कपाटात पडून राहिली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जगाला कळलं की नोंदलेल्या वादळांतल्या सर्वांत भयंकर वादळाचं माप मुंबईत घेतलेलं आहे. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज दीड मिनिटात गेली आणि ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले; ते वादळ याच्या एक तृतीयांशाच्या आसपास होतं. इतकी खोल आणि इतकी अल्पकाळची घसरण पृथ्वीभोवतीच्या वलयी प्रवाहामुळे झाली, की ध्रुवीय प्रदेशातून खाली सरकलेल्या प्रवाहांमुळे, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. उपग्रह, वीजवाहिन्या, विमानमार्ग यांना किती धोका गृहीत धरायचा याचे हिशेब आज जगभर मांडले जातात, त्यांत कुलाब्याचा तो आकडा येतोच.

२ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे भारताचं यान श्रीहरिकोट्याहून निघालं. कुलाब्याची सुई घसरली तीच तारीख. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून ते सूर्याकडे पाहतं, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. यान आपल्या जागी पोहोचून चारच महिने झाले होते, तेव्हा १० मे २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला वीस वर्षांतलं सर्वांत मोठं वादळ आलं. लडाखमध्ये हानले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, वेधशाळेच्या कॅमेऱ्यानं मध्यरात्रीनंतर उत्तरेच्या क्षितिजावरची गडद लाली टिपली. दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रं घरोघरी फोनवर पोहोचली.

मुंबईत त्या रात्री कुणाला काही दिसलं नाही. वादळ १८७२ च्या निम्म्याच्या आसपास होतं, त्यामुळे दिसण्याची आशाही नव्हती. आणि १८७२ सारखं वादळ पुन्हा आलं तरी या शहराच्या आजच्या उजेडात ती अंधुक लाली विरून जाईल. अलिबागला मात्र पोरबंदरी दगडाच्या भिंतींआड, खिशातल्या किल्ल्या आणि मनगटावरची घड्याळं जिथे बाहेर काढून ठेवावी लागतात तिथे, साडेदहा वाजता आलेखावरची रेघ एकदम वर उडाली, आणि मग रात्रभर खाली खाली जात राहिली.